सहा मीटर एक्क्याण्णव

९ जून २०२५, सोमवार

लागली! मला! एकतीस जणांतून एक, आणि ती एक मी!

फोन आला तेव्हा कणीक मळत होते. कोपराने फोन उचलला, खांद्यावर धरला. "सोलह तारीख से आ जाइए, खेल शिक्षिका के पद पर..." पुढचं काही ऐकूच आलं नाही. आई ओट्याशी उभी. "काय झालं गं? कोण गेलं?" माझं तोंडच तसं झालं असणार. मी म्हटलं, कोणी गेलं नाही, नोकरी लागली. तर आई खाली बसली आणि रडायला लागली. म्हणजे कोणी जायला नको, आमच्या घरी चांगल्या बातमीलाही तीच पद्धत.

खाली बाबांच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. आमच्या तात्यापाऱ्यातल्या निम्म्या दुकानदारांचे कर ते तिथे बसून भरतात. चष्मा वर केला. "कधीपासून?" सोळापासून. "चांगलं झालं." आणि परत फायलीत डोकं. बस्स! बीकॉम झाल्यावर मी शारीरिक शिक्षणाचा, बीपीएडचा फॉर्म भरला होता तेव्हा या माणसाने माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता. नवव्या दिवशी म्हणाले, "शिट्टी वाजवायले कोणी कॉलेजात जाते का?" आज वाटलं होतं काहीतरी म्हणतील. निदान हसतील. जाऊ दे. दोन वर्षांनी आज माझी शिट्टी वाजली, त्यांनी ऐकली, पुरे.

खेळ निवडायच्या वेळी सगळे म्हणत होते योगा घे, योगाला मागणी आहे, ऍथलेटिक्स घेऊन काय करणार, ट्रॅकवर चुना टाकशील? घेतलं ऍथलेटिक्स. टाकला चुना. आता?

एकच गोष्ट टोचते आहे. पद्मिनी पण आली होती मुलाखतीला. दोन वर्षं आम्ही एकाच बाकावर. तिला माझ्यापेक्षा जास्त गरज होती. तिचे वडील मारोती काका रेल्वेतून निवृत्त, वर दोन बहिणींची लग्नं. मी फोन करायच्या आधी तिचाच मेसेज आला – "अभिनंदन मॅडम! पार्टी कधी देऊन राहिली?"

१० जून

पेढे वाटले. समोरच्या काकू म्हणाल्या, "पीटीची का? हो का. बरं बरं. पुढे चांगली मिळेल." पेढा मात्र दोनदा घेतला.

१२ जून, गुरुवार

सगळं नीट लिहून काढते.

दुपारी श्रावणी आली होती, कॉलेजमधली ज्युनियर. ट्रॅक आखायच्या, मार्किंगच्या प्रॅक्टिकलसाठी माझी वही हवी होती. हिच्या घरी मराठी बोलतात पण ही सगळी उत्तरं हिंदीत देते. "दीदी, ये स्टैगर बिल्कुल समझ में नहीं आता." मी लगेच मास्तरीण झाले. कागदावर ट्रॅक काढला. हे बघ, बाहेरच्या लेनचं वळण मोठं असतं. सगळ्या जणी एकाच रेषेवरून सुटल्या तर बाहेरची जास्त धावेल. म्हणून तिला पुढून सोडायचं. किती पुढून, त्याचा हा तक्ता. आणि डोळे मिटून म्हणून दाखवला – दुसरी लेन सात मीटर शून्य चार, तिसरी चौदा सत्तर, चौथी बावीस सदतीस, पाचवी तीस शून्य तीन, सहावी सदतीस सत्तर. लहानपणी पाढे येत नव्हते, पण हा तक्ता मला झोपेतून उठवून विचारा.

श्रावणी वहीत बघत होती. "दीदी, यहाँ लिखा है लेन की चौड़ाई एक मीटर बाईस. और अगर लेन एक मीटर की हो तो?"

"तो टेबल ही बदल जाएगा, पागल," मी म्हणाले.

आणि तोंड उघडंच राहिलं.

ती काहीतरी विचारत होती. मी तिला वही दिली, घे, ठेव, नंतर आण, आणि जवळजवळ ढकलूनच बाहेर काढली.

जानेवारी. विद्यापीठाची स्पर्धा आमच्या ग्राऊंडवर होती. मार्किंग आमच्या वर्गाकडे – टेप पद्मिनीच्या हातात, चुन्याचं घमेलं माझ्या. सकाळी सहाला बघतो तर पाहुण्यांचा मंडप रात्रीतून ट्रॅकच्या आत आला होता. सोफे, लाल गालिचा, सगळं. आठ लेन बसेनात. आमचे ऍथलेटिक्सचे हिरालाल सर धावत आले. "मंडप नहीं हटेगा, नेताजी का है. लेन थोड़ी-थोड़ी छोटी कर लो, एक-एक मीटर की." केल्या. सगळ्या लेन एक मीटरच्या केल्या. मग सुटण्याच्या जागा आखायला घेतल्या. पद्मिनी टेप धरून उभी, मी तोंडाने म्हणत गेले – सात शून्य चार, चौदा सत्तर, बावीस सदतीस...

एक बावीसचा तक्ता. एक मीटरच्या लेनवर!

आणि दुपारी चारशे मीटरला मला चिठ्ठीत सहावी लेन आली होती.

१३ जून

तीन वेळा केलं. मोबाईलवर एकदा, कागदावर दोनदा.

एक मीटरच्या लेनला सहाव्या लेनची पुढून सुटायची सूट असायला हवी होती तीस मीटर एकोणऐंशी. मी सुटले सदतीस सत्तरवरून. म्हणजे सहा मीटर एक्क्याण्णव सेंटिमीटर मी धावलेच नाही! पद्मिनी दुसऱ्या लेनमध्ये होती. तिला फुकट मिळाले एक मीटर अडतीस.

माझी वेळ ६१.८४. तिची ६२.२०. मी पहिली, ती दुसरी. फोटोत मी तिच्या गळ्यात हात टाकून दात काढते आहे.

दोघींना पूर्ण चारशे धाववलं तर? मी जवळपास त्रेसष्ट. ती साडेबासष्टच्या आत.

मी पहिली नव्हतेच.

शाळेच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, विद्यापीठ पदकप्राप्त उमेदवारांना प्राधान्य. मुलाखतीत मी पहिलं वाक्य तेच बोलले होते. सर, मैं चार सौ मीटर की गोल्ड मेडलिस्ट हूँ. छाती काढून!

चुना मी टाकला. तक्ता मी म्हटला. पदक मी घेतलं. नोकरी मी घेतली. या सगळ्यात दुसरं कोणी आहे का? कोणावर तरी ढकलावं म्हणून दिवसभर शोधते आहे.

१४ जून

वाटलं, आठवणीत घोळ असेल. लेन कदाचित एक बावीसच्याच केल्या असतील, ऐनवेळी मंडप मागे घेतला असेल. कॉलेजात गेले, स्टोअरमधून मार्किंगचं रजिस्टर काढलं. माझंच अक्षर. ठळक, खाली दोन रेघा मारलेलं – "लेन रुंदी १.०० मी. (सरांच्या सांगण्यावरून)". खाली माझी सही, पद्मिनीची सही. किती नीटनेटकी पोरगी मी!

हिरालाल सर झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. सांगितलं. आधी हसले. मग कागद बघितला, मग हसले नाहीत. मान हलवली. "हव... हव बेटी. बात तो सही हे." मग आजूबाजूला बघून हळू आवाजात – "लेन किसने छोटी करवाई? मैंने. तू बोलेगी तो नाम किसका आएगा? दो साल बचे हैं मेरे." मी म्हटलं, सर, पद्मिनी पहिली आली होती. "आई थी. पर किसी ने शिकायत की? नहीं की. तो रिज़ल्ट पक्का. तेरी नौकरी लग गई न? बच्चों को अच्छा सिखा. हिसाब बराबर."

कसलं बराबर? वाईट माणूस नाही हा. माझ्या पायाला गोळा आला की स्वतः बसून पाय ताणून द्यायचे. म्हणूनच जास्त धक्का बसला. मला वाटलं होतं सर म्हणतील, चल, आत्ता विद्यापीठात जाऊ.

आणि खरं सांगू का? सर म्हणाले तेव्हा छातीवरचं ओझं जरा हललं. त्याचीच लाज वाटते आहे.

१६ जून, सोमवार

पहिला दिवस. शाळा शंकर नगरात, मोठी, रंगवलेली. प्रार्थनेला प्राचार्या मॅडमनी मला पुढे बोलावलं. "बच्चो, ये हैं आपकी नई स्पोर्ट्स टीचर, गंधाली मैडम. यूनिवर्सिटी की गोल्ड मेडलिस्ट!" आठशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. पायाखालची फरशी बघत राहिले. काळी-पांढरी, काळी-पांढरी.

पण त्यानंतर सहावीचा तास. एक जाडसर मुलगी कोपऱ्यात उभी, मैडम मुझसे नहीं होगा. तिला म्हटलं, धावू नको, फक्त त्या झाडाला हात लावून ये. आली. म्हटलं, आता जरा लवकर ये. आली. सहाव्यांदा ती धावत आली होती आणि तिला कळलंच नव्हतं! धापा टाकत हसत होती. मीही हसले.

हेच हवं होतं मला. हेच. याच्यासाठी आठ दिवस अबोला सोसला होता. सोडवणार नाही मला ही नोकरी.

१८ जून

कॉलेजातले भार्गव सर पीएचडी करताहेत, त्यांचा फॉर्म भरून पाठवला. "शारीरिक शिक्षण के विद्यार्थियों में विषय-चयन, संतुष्टि एवं नौकरी का तनाव." एक ते पाच आकडे, गोल करायचा. हा विषय तुम्ही स्वतः निवडला का? पाच. पुन्हा संधी मिळाली तर हाच निवडाल का? पाच. नोकरीच्या शोधात झोप लागत नाही? इथे अडले. शोधत होते तेव्हा मस्त झोपत होते. मिळाल्यापासून लागत नाही. त्याला आकडाच नाही.

सरांचा लगेच फोन, "तुम हमारी प्लेस्ड कैंडिडेट हो, तुम्हारा केस सक्सेस स्टोरी में डालूँगा." डाला.

२१ जून

योग दिवस. सकाळी सहाला आठशे पोरांना ताडासन. योगा नको म्हणून भांडलेली मी!

२४ जून, मंगळवार

सांगायचं ठरवून पंडरीच्या कापडबाजारात गेले. पद्मिनी तिथे कपड्याच्या एका मोठ्या दुकानात लागली आहे, पंधरा दिवस झाले. मला कोणी सांगितलं नव्हतं. तिनेही नाही. मारोती काकांना फोन केला तेव्हा कळलं.

काउंटरमागे उभी. समोर कापडाचं थान उलगडलेलं, हातात लोखंडी मीटर. एका बाईला पडद्याचं कापड मोजून देत होती. फटाफट – एक, दोन, तीन, वर चार बोटं जास्त. बाई म्हणाली, मोजलं का नीट? पद्मिनी म्हणाली, "आंटी, मेरा माप गलत नहीं होता."

मला पाहिलं आणि खुलली. "अगं! मॅडम! ये ना. काय पाहिजे?" आणि मी – मूर्ख, भित्री, सदतीस सत्तरवाली – म्हटलं, अस्तर दे. अडीच मीटर.

तिने ते मोजलं. घडी घातली. मी विचारलं, सकाळी ग्राऊंडवर जातेस का? हसली. "आता काय धावून राहिली मी? जानेवारीपासून नाही गेली. तू सहाव्या लेनमधून अशी निघून गेली ना पुढे... सुटल्यापासून तू मले हातीच नाही लागली. जीव तोडून धावली मी, तरी नाही. तेव्हाच समजलं, आपल्यात तेवढा दम नाही. बरं झालं ना, वेळेवर समजलं."

अडीच मीटर अस्तर घेऊन घरी आले. कसलं अस्तर, कशाला, आई विचारते आहे.

२५ जून

आजही नाही सांगितलं.

२६ जून

आजही नाही.

२८ जून, शनिवार

सांगितलं.

गुढियारीला तिच्या घरी गेले. मारोती काका बाहेर खाटेवर पेपर वाचत होते. "ये पोरी, सरकारी नाही तर नाही, पण लागली ना तुझी, आनंद झाला." आत पद्मिनी कांदे चिरत होती. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या कागद पुढे केला आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. लेन, तक्ता, माझे सहा एक्क्याण्णव, तिचे एक अडतीस.

तिने कागद घेतला. स्वतः पेन घेऊन पुन्हा गुणाकार केला. मी बघत होते, तिचे ओठ हलत होते. उत्तर आलं तेव्हा पेन तसंच हातात. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, मिठी मारेल – मी प्रत्येकाची तयारी करून गेले होते.

म्हणाली, "टेप मी धरून होती."

मी म्हटलं, आकडे मी सांगितले.

"हो, पण टेप मी धरून होती ना. मले पण समजायले पाहिजे होतं." मग एकदम आवाज चढला. "तू मले हे आता काहून सांगून राहिली? आता? मी दुकानात लागली, बाबाले सांगून टाकलं की माझ्यात दम नाही, बूट त्या शेजारच्या पोट्टीले देऊन टाकले – आणि आता तू येऊन सांगतेस का मी जिंकली होती?" कागद माझ्या अंगावर फेकला. "सहा महिने मी स्वतःले हळू समजून राहिली, गंधाली! सहा महिने!"

बाहेरून काकांनी विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, काही नाही बाबा, कांदा.

मी म्हटलं, ती नोकरी तुझी आहे. मी शाळेत लिहून देते, पदक परत करते, तुला बोलवायला सांगते. ती म्हणाली, "अन् तू?" मी म्हटलं, बघू. "तू येडी आहेस." पण मग फेकलेला कागद तिनेच उचलला, नीट घडी केली, डब्याखाली ठेवला.

दारापर्यंत आली. चपला घालताना मागून म्हणाली, "खरंच साडेबासष्टच्या आत होती का मी?" मी म्हटलं, ६२.४२. दार लावताना तिचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यासाठी दहा नोकऱ्या सोडीन मी.

२९ जून, रविवार

पत्र लिहिलं. हिंदीत, एक पान. स्पर्धेतली चूक माझी, माझं पहिलं स्थान चुकीचं, या पदावर खरा हक्क पद्मिनीचा, तिला बोलवावं, मी जागा सोडायला तयार आहे. हिरालाल सरांचं नाव घातलं नाही. खूप विचार केला, नाही घातलं. म्हातारा माणूस आहे.

जेवताना घरी सांगितलं. आईच्या हातातला डाव तसाच वर. "असं कोणी करते का गं? आपल्या हाताने?" तिचं अपेक्षितच होतं.

बाबांचं नाही. माझ्या नोकरीबद्दल तीन आठवड्यांत "चांगलं झालं"च्या पुढे एक शब्द न बोललेला माणूस ताटावरून उठला! "ते पत्र द्यायचं नाही. कोणी विचारलं तुले? कोणी मोजायले आलं का?" मी म्हटलं, बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना सांगता, कागद खरा असू द्या. तर म्हणाले, "ते वेगळं." आणि पाणी न पिताच खाली गेले. हात धुतलेले नव्हते.

इतकी काळजी आहे त्यांना माझ्या नोकरीची! मला माहीतच नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं, माझा विषय त्यांच्या गळी उतरला. नेमका आजच.

३० जून

दिलं पत्र. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. "ऐसा तो मैंने तीस साल में नहीं देखा." ट्रस्टींशी बोलून सांगते म्हणाल्या. तोपर्यंत तास घेत राहा.

पद्मिनीला फोन केला, तयार राहा, कधीही बोलावतील.

सहावीतल्या त्या मुलीला आज बोलता बोलता म्हटलं, मी गेले तरी झाडाला हात लावणं सोडू नकोस. ती म्हणाली, कहाँ जाओगी मैडम? मी शिट्टी वाजवली.

२ जुलै

सकाळी साडेपाचला पद्मिनीचा व्हिडिओ आला. ग्राऊंडवर! शेजारच्या पोरीकडून बूट परत मागून घेतले म्हणे. धावते आहे, श्वास लागलाय, मधेच थांबून कॅमेऱ्यात बघते. "सहा महिन्याचा गंज चढला गं! पण उतरवून राहिली. शाळेत विचारलं तर वेळ सांगता आली पाहिजे ना!" मागे मारोती काका, गळ्यात गमछा, हातात मोबाईल धरून वेळ लावताहेत.

तीनदा पाहिला. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. माझी जाईल, तिला मिळेल, मी दुसरी शोधीन. योगा शिकवीन. काहीही करीन.

४ जुलै, शुक्रवार

मॅडमनी बोलावलं नाही. नरहरी बाबूंनी बोलावलं, शाळेचे कारकून. माझं पत्र परत दिलं. "मॅडम म्हणाल्या, पदक ठेवा नाहीतर परत करा, तुमची मर्जी. नोकरीचा त्याच्याशी काही संबंध नाही." मी म्हटलं, कसा नाही? पदकाला प्राधान्य होतं ना? त्यांनी फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. प्रमाणपत्रांचा लिफाफा मुलाखतीला मी डिंकाने चिकटवून दिला होता. तसाच होता. कोणी फोडलेलाच नव्हता. गोल्ड मेडलिस्ट ते प्रार्थनेत सांगण्यापुरतं बायोडाटावरून बघितलं म्हणे. आणि नेमणुकीचं पत्र. मला मिळालेल्या प्रतीवर ९ जून आहे. ऑफिसच्या प्रतीवर २ जून. मुलाखत झाली ५ जूनला! कोपऱ्यात ट्रस्टींच्या अक्षरात – "विनायक जी की बिटिया. इसे रखना है." विनायक म्हणजे माझे बाबा. नरहरी बाबू हळूच म्हणाले, "बाकीच्या तीस जणांले उगीच उन्हात बोलावलं. मले वाटलं तुम्हाले माहीत असंल."

घरी येऊन थेट खाली गेले. बाबा, तुम्ही ट्रस्टींकडे गेला होता?

मान वर केली नाही. "गेलो होतो. हात जोडले. पोरी, त्या विषयावर कोणाले नोकरी लागते का?"